टायर केव्हा बदलावा? ऋतू, रस्ता आणि रबर यांचा आढावा

ज्या देशांत हिमवर्षाव होतो, तेथे शरद ऋतू उतरणीला लागला की मोटारीचे टायर केव्हा बदलावेत हा प्रश्न दर वर्षी घरोघरी उपस्थित होतो. कारण तेथे उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असा सरळ भेद असून, बहुतेक मोटारमालक दोन्ही संच जवळ बाळगतात. वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वर्धा नदीच्या पूर्वतीरावर पसरलेल्या आष्टी तालुक्यात हा प्रश्न त्या स्वरूपात उद्भवत नाही. परंतु तो उद्भवतच नाही असे म्हणणे मात्र सर्वस्वी चुकीचे होईल. आपल्या मुलखात हिम नाही, पण वैशाखातले ऊन आहे आणि मृगाचा पाऊस आहे. आणि या दोहोंच्या मध्ये कधी कधी पंधरा-वीस दिवसांचेही अंतर नसते. अशा ठिकाणी टायर बदलण्याचा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, त्याविषयी जी निरनिराळी मते प्रचलित आहेत त्यांत तथ्य किती, आणि थंड देशांतील अनुभवापासून आपल्याला घेण्यासारखे काय आहे, याचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम थंड देशांचा विचार करू. कारण या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी तेथेच अधिक झालेली आहे. हिवाळी टायर हे बर्फासाठी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की ते मुख्यतः थंडीसाठी असतात, आणि बर्फ हा त्या थंडीचा एक आविष्कार होय. सामान्य टायराचे रबर उष्ण हवेत लवचीक राहून रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरते, व ही जी पकड बसते तिच्याच बळावर मोटार वळते आणि थांबते. तापमान सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की हे रबर उत्तरोत्तर ताठर होत जाते आणि रस्ता कोरडा असला तरी पकड मंदावते. हिवाळी टायराच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे राखलेले असते की ते थंडीतही मऊ राहावे; शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर असंख्य बारीक चिरा पाडलेल्या असतात, ज्यांच्या कडा बर्फाला धरतात. फिनलंडमध्ये 1934 साली मालमोटारींसाठी आणि 1936 साली मोटारींसाठी असे खास टायर निघाले, आणि तेथून ही विद्या सर्व शीत प्रदेशांत पसरली.

बदलाची तारीख कोणती, याविषयी त्या त्या देशांचे कायदे एकसारखे नाहीत. कॅनडातील क्वेबेक प्रांताने 2008 मध्ये हिवाळी टायर सक्तीचे केले आणि आज तेथे 1 डिसेंबर ते 15 मार्च ही मुदत ठरलेली आहे. शेजारच्या ऑन्टॅरिओ प्रांतात अशी सक्ती नाही. मात्र हिवाळी टायर लावणाऱ्यास विमाकंपन्यांनी सवलत दिली पाहिजे, असा दंडक 2016 पासून आहे. स्वीडनमध्ये 1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात, रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर, सक्ती लागू होते. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल अशी मुदत असून तेथेही परिस्थितीची अट आहेच. जर्मनीच्या कायद्यात तारीखच नाही. रस्त्यावर बर्फ, हिमचिखल अथवा गोठलेले दव असेल तेव्हा योग्य टायर हवेत, एवढेच तो सांगतो. पण ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर, हा लोकांचा सुटसुटीत ठोकताळा तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. विदर्भातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी त्या देशांत गेलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी हा धडा गिरवावा लागतो, आणि त्यांच्यासाठी तज्ज्ञांच्या सल्ल्याचे सार थोडक्यात असे आहे: पहिल्या बर्फाची वाट पाहू नये, सकाळचे तापमान सातत्याने सात अंशांच्या आत राहू लागले की टायर बदलून घ्यावेत, कारण पहिला बर्फ पडला त्या दिवशी सारे शहर टायरवाल्याच्या दारात रांगेत उभे असते, आणि वसंतात तापमान पुन्हा सात अंशांच्या वर स्थिरावले की हिवाळी टायर विनाविलंब उतरवावेत, कारण उष्ण रस्त्यावर ते झपाट्याने झिजतात आणि मोटार थांबण्यास अधिक अंतर लागते.

या सगळ्या विवेचनातून एक तत्त्व हाती येते, आणि माझ्या मते तेच या प्रश्नाचे मर्म आहे. प्रत्येक ऋतू टायराच्या एका विशिष्ट गुणाची परीक्षा घेतो: थंडी त्याच्या मऊपणाची, उष्णता त्याच्या बांधणीच्या एकजीवपणाची आणि पाऊस त्याच्या नक्षीच्या खोलीची. म्हणून टायर केव्हा बदलावा याचे उत्तर एकच एक तारीख देऊ शकत नाही. येऊ घातलेला ऋतू कोणता गुण मागणार आहे आणि तो गुण आपल्या टायरात शिल्लक आहे काय, हे त्या ऋतूच्या आधी पाहणे हेच त्याचे उत्तर होय.

या तत्त्वाच्या आधारे आपल्या हिवाळ्याचा निकाल लगेच लागतो. विदर्भात थंडी पडत नाही असे नाही. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरास पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. पण ती थंडी पहाटेची असते. दुपारपर्यंत हवा वीस अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे आष्टीच्या मोटारीस हिवाळी टायरांची आवश्यकता नाही, आणि हौसेखातर कोणी ते लावलेच तर मे महिन्याच्या रस्त्यावर ते मऊ रबर अपायकारकच ठरेल. अपवाद फक्त उत्तरेच्या प्रवासाचा. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीपलीकडच्या लाहौल खोऱ्यात हिवाळ्यातही मोटारी जाऊ लागल्या असून, आपल्याकडील कुटुंबेही स्वतःची गाडी घेऊन तिकडे जातात. त्यांनी ध्यानात ठेवावे की आपल्या गाडीचे टायर कितीही नवे असले तरी गोठलेल्या रस्त्यावर ते निरुपयोगी ठरतात. तेथे चाकांना साखळ्या लावाव्यात, किंवा त्या भागातील सवयीच्या चालकाचे वाहन भाड्याने करावे.

आता आपल्या खऱ्या ऋतूंकडे वळू. होळी आटोपली की विदर्भाचे ऊन चढू लागते आणि मे महिन्यात, विशेषतः रोहिणी नक्षत्राच्या आरंभीच्या नवतपात, पंचेचाळीस अंशांची मजल नित्याची होते. त्या वेळी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापलेला असतो. टायर फुटण्याच्या वार्ता याच काळात वाढतात, आणि त्यावर एक उपाय गावोगावी सांगितला जातो, तो असा की उन्हाळ्यात हवा फुगते, सबब टायरात चार-पाच पौंड हवा कमी ठेवावी. हा उपाय हेतूने चांगला परंतु परिणामी घातक आहे. हवा फुगते हे खरे. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर बत्तीस पौंड भरलेली हवा पंचेचाळीस अंशांवर सुमारे अडतीस पौंड होते. पण सुस्थितीतला टायर एवढी वाढ सहज सहन करतो, कारण ती गृहीत धरूनच त्याची बांधणी केलेली असते. टायर फुटतो तो प्रामुख्याने आतल्या उष्णतेने, आणि ती उष्णता निर्माण होते त्याच्या कडा पुनःपुन्हा दबल्या-उठल्यामुळे. हवा कमी असेल तर कड अधिक दबते, अधिक दबली की अधिक तापते, आणि तापलेल्या रबराची आतील दोऱ्यांवरची व पोलादी पट्ट्यांवरची पकड सुटत जाते. त्यावर प्रमाणाबाहेर ओझे आणि अखंड वेग यांची भर पडली की विनाश अटळ होतो. आपल्या भागात मृग बहाराच्या संत्र्यांची तोड ऊन चढू लागल्यावरच होत असल्यामुळे, भरलेल्या गाड्या नेमक्या याच दिवसांत नागपूर-अमरावती महामार्गाने धावत असतात. त्यांच्या बाबतीत हवा कमी करण्याचा सल्ला पाळणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. योग्य रीत एकच: चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर जो आकडा छापलेला असतो तेवढीच हवा, टायर थंड असताना, म्हणजे उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास, भरून घ्यावी व दर पंधरवड्याला ती तपासावी. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही असेही सांगितले जाते. परंतु साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असल्यामुळे त्याचा लाभ अल्प आहे, आणि तपासणीची गरज त्याने तिळमात्र कमी होत नाही.

उन्हाळा परीक्षा घेतो ती बांधणीची, असे वर म्हटले. आणि बांधणीचा अंदाज नक्षीवरून येत नाही, तो वयावरून येतो. टायराच्या कडेवर लंबगोलात चार अंक कोरलेले असतात; पहिले दोन आठवडा दर्शवितात आणि पुढचे दोन वर्ष. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. घरी उभ्या राहणाऱ्या, केवळ लग्नकार्याला वा दवाखान्याच्या निकडीला बाहेर निघणाऱ्या मोटारींच्या बाबतीत हे अंक विशेष महत्त्वाचे आहेत; कारण अशा गाडीची नक्षी कोरी करकरीत दिसते आणि मालक निश्चिंत असतो, पण ऊन आणि हवेतील ओझोन यांनी रबर आतून वाळत चाललेले असते. टायरात हवा असताना कडेवर अंगठा दाबून बोट फिरवले तर केसासारख्या भेगा हाताला लागतात. खड्ड्यात आदळून आतली दोरी तुटली असेल तर त्याच जागी फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर एक दिवसही वापरू नये. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणत्याकडून तपासणी करावी आणि दहा वर्षे पूर्ण झाल्यावर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, टायर मोडीत काढावा असे सांगतात. आपल्या उष्ण हवेत त्या दहा वर्षांची वाट पाहणे शहाणपणाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर पाऊस. येथे निर्णायक असते ती नक्षीची खोली. नव्या मोटारीच्या टायराची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 94 प्रमाणे ती मोटारींसाठी 1.6 आणि दुचाकी-तीनचाकींसाठी 0.8 मिलिमीटरहून कमी असता कामा नये. टायराच्या खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे कायद्याची मर्यादा गाठली, असे कोणासही डोळ्यांनी ओळखता येते. पण कायद्याची मर्यादा ही सुरक्षिततेची मर्यादा आहे, असा समज करून घेणे धोक्याचे ठरते. नक्षीच्या खाचांचे काम रस्त्यावरचे पाणी बाजूस सारणे हे होय. खाचा उथळ झाल्या की पाण्याला वाट राहत नाही, चाकापुढे पाण्याची पाचर तयार होते आणि एका क्षणी टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो, तेव्हा सुकाणू आणि ब्रेक दोन्ही निष्फळ होतात. विमानांच्या चाकांवर अमेरिकेत 1960 च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून असे आढळले की हा तरंगण्याचा वेग टायरातील हवेच्या दाबाच्या वर्गमूळावर अवलंबून असतो. बत्तीस पौंड हवेच्या गुळगुळीत टायराला तो ताशी नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरच्या आसपास येतो, आणि हवा कमी असेल तर आणखी खाली. म्हणजे उन्हाळ्यात जो हवा कमी करण्याचा सल्ला घातक, तो पावसाळ्यात दुप्पट घातक ठरतो. यास्तव ओल्या रस्त्यासाठी तीन मिलिमीटर ही व्यावहारिक मर्यादा धरावी, हा अनेक जाणकारांचा अभिप्राय मला ग्राह्य वाटतो.

येथे आपल्या भागातील एक वादग्रस्त रीत तपासणे प्राप्त आहे. पुष्कळ लोक म्हणतात की उन्हाळा जुन्या टायरांवर काढावा आणि पाऊस तोंडावर आला की नवे घालावेत. या मतात अर्धे तथ्य आहे. कोरड्या रस्त्यावर कमी खोली फारशी बाधत नाही, आणि उथळ नक्षी तापतेही थोडी कमी; म्हणून चार-पाच वर्षांच्या आतील, भेगा व फुगा नसलेला, कायद्याच्या मर्यादेच्या वर असलेला टायर गावच्या आणि तालुक्याच्या रस्त्यांवर उन्हाळाभर चालविण्यास हरकत नाही. पण तोच न्याय गोटा झालेल्या किंवा वाळलेल्या टायरास, आणि तोही समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, लावता येणार नाही. याच्या विरुद्ध चूक दुसऱ्या प्रकारची असते. कास्तकाराच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीपासून पुढे. साहजिकच टायरही तेव्हाच खरेदी होतात, त्यांची ताजी खोली कोरड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात झिजते, आणि जेव्हा त्या खोलीची खरी गरज पडते तेव्हा तिचा मोठा अंश खर्ची पडलेला असतो. शक्य असेल त्याने दिवाळीत टायरांच्या पैशांची तजवीज वेगळी करून ठेवावी आणि खरेदी मे महिन्याच्या उत्तरार्धात करावी. नव्या टायराच्या पृष्ठभागावर साच्यातील निसटता लेप असतो, तो पहिले काही शे किलोमीटर चालून उतरावा लागतो. तेव्हा मृगाच्या दोन आठवडे आधी टायर बसविले तर ते पावसास सर्वस्वी सिद्ध होतात.

ऋतूच्या आधी चाकाची तयारी करणे ही आपल्या मुलखाला अपरिचित गोष्ट नाही. लाकडी चाकांच्या बंड्या होत्या तेव्हा उन्हाने लाकूड वाळून आकसे आणि त्यावरील लोखंडी धाव ढिली पडे. वैशाखात बंडी लोहाराच्या दारी जाई. धाव गोवऱ्यांच्या आरात लाल होईतो तापवून सांडशींनी चाकावर चढविली जाई आणि तिच्यावर पाणी ओतताच ती आकसून तुंब्यापासून पाट्यांपर्यंत सारे चाक करकचून आवळीत असे. खरिपाची पहिली सर येण्याआधी हे काम उरकलेच पाहिजे, असा त्या काळच्या शेतकऱ्याचा दंडक होता. पुढे रबरी टायरांच्या बंड्या आल्या, त्यानंतर ट्रॅक्टर आले, आणि चाकाची ही वार्षिक सेवा आपल्या दिनदर्शिकेतून नाहीशी झाली. ट्रॅक्टरला तिची आजही गरज आहे: मागच्या चाकांचे उंच कंगोरे झिजले असतील तर काळ्या मातीच्या चिखलात ती जागीच फिरतात, आणि पकड वाढावी म्हणून टायरांत भरलेले पाणी रस्त्यावरच्या ओढणीपूर्वी कमी करणे इष्ट असते.

जुन्या टायरावर नवी नक्षी चढविण्याचा, म्हणजे रिमोल्डचा, प्रश्नही याच संदर्भात येतो. हा उपाय सरसकट त्याज्य नाही, एस. टी. महामंडळ स्वतःच्या केंद्रांत टायरांचे पुनःस्तरण वर्षानुवर्षे करीत आले आहे. पण तेथे कोणता सांगाडा घ्यावा, तो किती वेळा घ्यावा आणि कोणत्या चाकाला लावावा याचा हिशेब असतो. रस्त्याकडेच्या दुकानात वय न पाहता चढविलेल्या नक्षीत तो नसतो. पैशाअभावी दोनच नवे टायर घेता येत असतील तर ते पुढे न लावता मागे लावावेत. आपल्याकडे बहुतेक जण उलट करतात; परंतु ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते व वेग कमी करून ती सावरता येते, मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

या साऱ्या प्रश्नाला अलीकडे निकड आली ती समृद्धी महामार्गामुळे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. वर्धा जिल्ह्यातून, आर्वी तालुक्यातील विरूळजवळून, तो जातो. त्यामुळे आष्टीची मोटार आता तास-दीड तासात अशा काँक्रीट रस्त्यावर पोचते, जेथे ताशी 120 किलोमीटरचा वेग कायदेशीर आहे आणि तो तासन्‌तास टिकविता येतो. तळेगावचा सत्याग्रही घाट चढता-उतरताना जो टायर वर्षानुवर्षे निभावला, तो या अखंड वेगात निभावेलच असे नाही. जीर्ण टायरांची वाहने रोखण्यासाठी परिवहन विभागाने 2023 मध्ये या मार्गावर तपासणीही हाती घेतली. तथापि प्रत्येक अपघाताचे खापर टायरावर फोडणेही न्याय्य नाही. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला झालेल्या भीषण अपघातात पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटला असे चालकाने सांगितले, परंतु परिवहन कार्यालयाच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही. चालकाची झोप, वेग आणि ओझे यांचा हिशेब वेगळा द्यावाच लागतो. टायर नवा आहे म्हणून तो माफ होत नाही.

कायद्यानेही या विषयात थोडी प्रगती केली आहे. 1 ऑक्टोबर 2022 पासून नव्या बनावटीच्या टायरांना घरंगळण्यातील रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज या तीन कसोट्यांवर उतरावे लागते. ओल्या रस्त्यावरील पकड ही स्वतंत्र कसोटी मानली गेली, हे आपल्यासारख्या पर्जन्यकाळाच्या देशाला विशेष हितावह आहे. पण कायदा टायर विकत घेताना मदतीला येतो. टायर झिजत असताना त्याच्याकडे पाहणे हे मालकाचेच काम राहते.

तात्पर्य, आष्टी परिसरातील मोटारमालकाने वर्षातून दोन तपासण्या नेमाने कराव्यात. पहिली होळीच्या सुमारास: वयाचे अंक, भेगा, फुगा आणि हवा. या तपासणीत नापास झालेला टायर नक्षी असली तरी उतरवावा. दुसरी 15 मेनंतर, मृगाच्या आधी: नक्षीची खोली. तीन मिलिमीटरहून कमी असेल तर पावसाच्या पहिल्या सरीआधी टायर बदलावा. दुचाकीस्वारांनी हाच नियम अधिक कसोशीने पाळावा, कारण त्यांना दोनच चाकांचा आधार असतो. आणि चारचाकीवाल्यांनी दोन्ही वेळा डिकीतली स्टेपनी बाहेर काढून पाहावी, कारण वयाने ती बहुधा सर्वांत जुनी असते. या दोन तपासण्यांना मिळून अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही आणि पैसा तर मुळीच लागत नाही. वाचकांना विनंती एवढीच, की हा लेख वाचून झाल्यावर आपल्या गाडीच्या चारही टायरांवरचे ते चार अंक आजच पाहावेत आणि कागदावर लिहून ठेवावेत.